झोपेत गेलेला घाट

आमच्या इवायांइतका जागा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. तसे घरी ते चारचौघांसारखे झोपतात, दुपारी जेवणानंतर जरा जास्तच झोपतात, आणि घोरतात असे की वसमतच्या त्यांच्या गल्लीत नव्याने आलेल्या भाडेकरूने पहिल्याच दिवशी पिठाची गिरणी कुठं आहे म्हणून चौकशी केली होती. पण एकदा रेल्वेच्या डब्यात पाय पडला की हा माणूस डोळ्याला डोळा लागू देत नाही. शेजारचे पेंगोत, समोरचे आडवे होवोत, अख्खा डबा माना टाकून झोपी जावो. आमचे इवाई खिडकीत ताठ बसून बाहेर बघत असतात. इवाई म्हणजे पुस्तकातले व्याही. माझी लेक त्यांच्या मुलाला दिली आहे. मुलीची आई म्हणून मी त्यांचा मान राखते, निदान तोंडावर राखते. माघारी काय बोलायचं ते माझं मी ठरवते, आणि आज तर लिहायलाच बसले आहे.

ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. मी त्यांना मास्तरच म्हणते आणि ते मला इहीणबाई म्हणतात. वर्गात त्यांचा एकच नियम होता: डोळ्यानं पाहिलं तेच कागदावर काढायचं. आता आपल्याकडच्या कुठल्याही लेकराला देखावा काढ म्हटलं की ते दोन डोंगर काढतं, मधून सूर्य वर काढतं, एक नदी सोडतं आणि नदीकाठी नारळाचं झाड लावून मोकळं होतं. मास्तर त्या झाडावर बोट ठेवून विचारायचे, "हे कुठं पाह्यलं रे?" पोरगं डोकं खाजवायचं. "वसमतला हाय का? आखाडा बाळापूरला हाय का? सेनगावला मामाकडं जातोस, तिथं हाय का? न्हाई ना? मग खोड." मग त्या नदीकाठी बाभूळ यायची. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आज बाप्ये झाली, कुणी हळदीच्या व्यापारात आहे, कुणी दवाखान्यात आहे, आणि सगळ्यांना बाभूळ मात्र उत्तम काढता येते. माझा जावई त्यांचा मुलगाही आणि विद्यार्थीही. लग्नानंतर त्याने माझ्या लेकीला पहिली भेट दिली ती बाभळीच्या चित्राची. लेक मला फोनवर म्हणाली, "आई, काटे एकेक करून काढलेत गं." मी म्हटलं, घे बाई, खरा माणूस मिळाला म्हणायचा.

निवृत्तीनंतर मास्तरांचा हा नियम रिकामा पडला असता. पण मुलाने पुण्याहून मोठ्या स्क्रीनचा मोबाइल आणला आणि त्यात एक ॲप टाकून दिलं. आपण केलेला रेल्वेचा प्रवास त्यात भरायचा: कुठून बसलो, कुठं उतरलो, कोणती गाडी, कोणता दिवस. भरला की नकाशावर त्या रुळांवरून एक निळी रेघ आपोआप उमटते. जिथले रूळ आता उचलले गेलेत, तिथं आपण बोटाने रेघ ओढायची. असं करत करत आपण जन्मभर कुठं कुठं फिरलो त्याचं जाळं समोर उभं राहतं. मुलाला वाटलं, बापाचा वेळ जाईल. गेलाच, आणि सोबत दुसऱ्यांचाही गेला. मी एसटीच्या डेपोत हयात काढलेली बाई. वसमतहून हिंगोलीला यायचं तर एसटी आहे, जीप आहेत, निघालात की पोचलात. मास्तर मात्र गाडीच्या वेळेला आपलं काम जुळवायचे. काम नसलं तर काम काढायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, एसटीने तुमचं काय घोडं मारलंय?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "काहीच न्हाई. पर एसटीची रेघ उमटत न्हाई, इहीणबाई."

बरं, नुसत्या रेघा उमटवून हा माणूस थांबता तरी. त्यांनी वर्गातला नियम त्या ॲपलाही लावला. जेवढा रस्ता उजेडी, जागेपणी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तेवढीच रेघ धरायची. डुलकी लागली की तेवढा तुकडा कोरा. अंधारातून गेलो, कोरा. मधे कुणी उभं राहिलं आणि काही दिसलं नाही, कोरा. ॲपने त्यांना यातलं काही विचारलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला माणूस झोपला की जागा हे कळतही नाही. पण मास्तर स्वतः होऊन रेघ तोडायचे, आणि मग तो तुटका तुकडा त्यांच्या डोळ्यांत सलत राहायचा. तेवढा तुकडा पाहायला ते परत जायचे. झोप येऊ नये म्हणून दाढेखाली लवंग आणि मानेवर ओला रुमाल, असा त्यांचा प्रवासाचा थाट.

आमच्या मुलीला बघायला आले तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मास्तर, त्यांच्या पत्नी आणि मुलगा असे तिघं सकाळच्या गाडीने हिंगोलीला आले. जयभीम झालं, पाणी झालं, पोहे झाले, मुलीला चार प्रश्न विचारून झाले. मुलामुलीचं आत बोलणं झालं आणि दोघांचे चेहरेच सांगत होते की गाडी रुळावर आली. आता वडीलधाऱ्यांनी एक शब्द बोलायचा तेवढा बाकी होता. आमचे हे हात जोडायच्या तयारीत पुढे सरकून बसले. आणि ऐन त्या क्षणी मास्तर उठले, चपला घातल्या आणि "जरा जाऊन येतो," म्हणून निघून गेले. आम्हाला वाटलं, पान खायला गेले असतील. माणूस पान पिकवून आणेल एवढा वेळ झाला तरी पत्ता नाही. आमचे हे फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला माझ्या पोरीपेक्षा नवऱ्याचीच दया आली. मी आत स्वयंपाकघरात गेले तर मुलाची आई तिथं खाली बसून निवांत माझ्या शेंगा सोलत होती. मी धीर करून विचारलं, "वहिनी, काही चुकलं का आमचं? आवडली नाही का पोर?" त्या शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "तुमचं काय चुकतंय? सकाळी येताना बोल्डा स्टेशन सुटल्यावर यांना झपकी लागली होती. बोल्ड्याला गेले असतील. येतील."

आणि खरंच, ऊन उतरता उतरता मास्तर जीपमधून धुळीने माखून आले. हिंगोलीहून मिळेल त्या गाडीने बोल्ड्यापर्यंत जागे बसून गेले होते आणि तिथून जीप धरून परतले होते. हातपाय धुतले, बैठकीत बसले आणि म्हणाले, "आता बोलतो. मन अर्धवट असल्यावर येवढी मोठी गोष्ट तोंडातून कशी काढू? पोरगी पसंत हाय आमाला." आमच्या ह्यांना रडावं की हसावं कळेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी जे हसायला सुरुवात केली ते थांबेनात. म्हणाले, "जो माणूस झोपेतल्या बोल्ड्याचं खोटं बोलत नाही, तो आपल्या पोरीशी काय खोटं बोलणार?" मला ते पटलं. माझ्या नवऱ्याचं मला पहिल्या फटक्यात पटलं असे प्रसंग थोडेच आहेत, म्हणून हा लक्षात राहिला.

पुढे सोयरीक जुळल्यावर मास्तरांच्या सोबत प्रवास करण्याचे भोग माझ्याही वाट्याला आले. एकदा नांदेडहून आम्ही येत होतो. गाडीला मुंगी शिरायला जागा नव्हती. मास्तरांना खिडकीपासून दूर कुठंतरी टेकायला मिळालं आणि मधे एक आडदांड गृहस्थ उभे राहिले. वसमत मागे पडलं तसे मास्तर चुळबुळ करायला लागले. आम्ही त्या दिवशी वसमतला न उतरता पुढे माझ्याकडे हिंगोलीला जात होतो. शेवटी त्यांनी त्या गृहस्थांच्या कोपराला हात लावला. "भाऊ, जरा सरका. माझी चोंढी चालली." तो म्हणाला, "तुमाला चोंढीला उतरायचंय का?" "न्हाई." "मग कोणी येऊन राहिलं का तिथं?" "न्हाई. पाह्यची हाय." त्या माणसाने मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवून, आपला यांचा काही संबंध नाही अशी बसले. पण माणूस भला निघाला. तो सरकला, त्याच्या मागचा सरकला, आणि चोंढीचं स्टेशन येऊन जाईपर्यंत अख्ख्या डब्याने मान वाकवून बाहेर पाहिलं, की आहे तरी काय तिथं. तिथं एक पिंपळ होता आणि पिंपळाखाली एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. मास्तरांनी समाधानाने लवंग बदलली.

जुने प्रवासही त्यांनी आठवून आठवून भरले. त्याला साक्षीदार वहिनी. मास्तर खुर्चीत मोबाइल घेऊन बसायचे आणि विचारायचे, "नागपूरला गेलो तवा कुठं झोपलो गं मी?" वहिनी भाजी निवडताना मान वर न करता सांगायच्या, "बडनेरा गेल्यावर. वर्ध्याला उठलात, चाय मागितलात." की मास्तर तेवढा तुकडा तोडायचे. मी एकदा वहिनींना विचारलं, "तुम्हाला बरं सगळं आठवतं. तुम्ही कधी झोपलाच नाहीत का गाडीत?" त्या म्हणाल्या, "लेकरं होती, पिशव्या होत्या, अन हे होते. कोणीतरी जागं पाहिजे ना, ताई."

वहिनी महूच्या. त्यांचे वडील तिथं छावणीत नोकरीला होते, म्हणून त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असते की वेगळी काढता येत नाही. महू म्हणजे आमच्या लोकांना सांगायला नको. जयंतीला इकडची किती माणसं छोट्या लाईनीच्या गाडीने तिकडे जायची. पूर्णेहून वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट, मग मेळघाटातला डोंगर चढून खंडवा आणि पुढे महू. त्या डोंगरात धूळघाटापाशी रेल्वेने एक नवल करून ठेवलं होतं. चढ इतका की गाडी डोंगराला पूर्ण वळसा घालायची आणि आपण ज्या रुळांवरून आलो त्याच रुळांच्या डोक्यावरून पुढे जायची. मास्तरांचं लग्न महूला झालं. वऱ्हाड जाताना घाट अंधारात गेला. येताना गाडी सकाळची होती, घाट लख्ख उन्हात आला, आणि लग्नाच्या धावपळीत दोन रात्री जागलेले आमचे नवरदेव खंडवा सुटल्यावर जे झोपले ते थेट अकोटला उठले. पुढे सासरे निवृत्त होऊन वाशीमकडच्या आपल्या गावी आले, महूला जायचं कारण उरलं नाही. जयंतीला जाऊ म्हणायचे, तर एप्रिलात शाळेच्या परीक्षा. यंदा नाही पुढच्या वर्षी, असं करता करता नोकरी संपत आली आणि तिकडे घाटातली छोटी लाईनही बंद झाली. रूळ उचलले. मोठी लाईन होईल ती त्या घाटातून जाणार नाही, दुसरीकडून फिरून जाणार, असं म्हणतात.

त्यामुळे मास्तरांच्या नकाशावर एक भोक आहे. खाली सगळं जाळं, वर महूपासून खंडव्यापर्यंत त्यांनी बोटाने ओढलेली रेघ, आणि मधे कोरा हिरवा डोंगर. चोंढी हुकली तर परत जाता येतं, बोल्डा हुकला तर परत जाता येतं. घाट कुठून आणायचा? "तुम्ही चित्रकलेचे मास्तर," मी म्हटलं, "फळ्यावर हाताने गोल काढायचात तो परकाराने काढल्यासारखा यायचा. बोटाने एक वेटोळं ओढलं तर कोण येणार आहे तपासायला?" ते मोबाइलकडे बघत राहिले. "म्या पाह्यलं न्हाई ना, इहीणबाई. नारळाचं झाड होईल ते." आणि मग नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "हिनं पाह्यलं. येवढा घाट चढला, मला काहून उठवलं न्हाई, विचारा तिला." वहिनी आत भाकरी थापतच राहिल्या. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ती त्यांच्या संसारातली एक जुनी थट्टा वाटायची. आधी थट्टाच असावी. रूळ उचलल्यावर त्यात खरी कडू गोळी मिसळली होती, ती माझ्या लक्षात आली नाही.

मग वहिनींचे डोळे गेले. काचबिंदू होता. उशिरा कळला. कडेकडेने अंधार येत गेला, आधी नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, मग ती नळीही बारीक होत गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. तेही फार टिकलं नाही. आता त्यांना उजेड आणि सावली कळते, एवढंच. त्याच वर्षात माझेही मालक गेले. मी माझ्या दुःखात होते, त्यामुळे वसमतला जाणं झालं नाही. एक दिवस लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, तू एकदा जाऊन ये. बाबांनी गाडीत बसणं सोडलंय. ॲप उघडत नाहीत. दिवसभर नुसते बसून असतात, आणि ते असे बसले म्हणून सासूबाई कुढतात."

मी एसटीने गेले. दुपार होती. मास्तर खाटेवर बसले होते आणि झोपलेले नव्हते, यावरूनच मी काय ते समजले. वहिनी अंदाजाने चहा करत होत्या. चिमूटभर साखर बोटांनी चाचपून घेत होत्या. मी चहा घेतला आणि सरळ विषयाला हात घातला. मला आडवळणाने बोलता येत नाही. "मास्तर, गाडीत बसणं का सोडलंत?" ते म्हणाले, "ती दिवसाउजेडी अंधारात बसली हाय, अन म्या खिडकीत बसून रेघा ओढू? जन्मभर माझ्या बाजूला जागी बसली. माझ्या डोळ्यांची हौस माझ्याच अंगावर येऊन राहिली, इहीणबाई." वहिनींनी कप खाली ठेवला. "मी कधी म्हटलं तसं? तुम्ही बसलात घरी म्हणून माझी नजर वापस येणार आहे का?" "तसं न्हाई," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून सवयीने तेच निघालं, "तवा घाटात उठवलं असतं तर..." म्हणाले आणि थांबले. आता हे बोलायची वेळ नव्हती हे त्यांनाही कळलं.

मला राग आला. खरं सांगते, दोघांचाही आला. इतकी वर्षं एकच प्रश्न, आणि तोही चुकीचा. मी म्हटलं, "मास्तर, का उठवलं नाही हे तुम्ही हजारदा विचारलंत. काय पाहिलं, हे एकदा तरी विचारलंत का?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

वहिनी आधी नको नको म्हणाल्या. मग बोलायला लागल्या तेव्हा तोंड खिडकीकडे होतं, जिथून त्यांना थोडा उजेड कळतो. "मे महिना होता. सागवान पूरा सुकलेला, एक पत्ता नव्हता झाडाला. त्यामुळे दूरपर्यंत दिसत होतं. गाडी अशी धीमी चालली होती की पायी माणूस पुढे जाईल. पटरीच्या बाजूला एक बाई उभी होती, डोक्यावर लकडीचा गठ्ठा, लाल लुगडं. गाडी जाऊ द्यायला थांबली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझी लग्नाची पांढरी साडी पाहिली अन हसली. नवी नवरी आहे, समजली असेल. मग गाडी फिरत गेली, फिरत गेली. एक बोगदा आला. मग मी खाली पाहिलं तर खाली पटरी. मला वाटलं, ही दुसरी लाईन असेल. अन त्या पटरीच्या बाजूला तीच बाई. तोच गठ्ठा. आता ती खाली, मी वर. तिनं वर पाहिलं अन हात केला. मीही केला. हळूच. इतकाच," म्हणून त्यांनी डाव्या हाताची बोटं तेवढी हलवली.

"दुसरा हात काहून न्हाई?" मास्तरांनी विचारलं.

"उजव्या खांद्यावर तुमचं डोकं होतं ना. सगळे बाराती डब्यात. खांदा हलवला असता तर तुम्हाला घाट दिसला असता. मनात आलं होतं उठवायचं. पण माझ्या भरोशावर कोणी असं बेफिकीर झोपलं, ते पहिल्यांदाच. मायबापाच्या घरी मी लहान, सगळे माझ्यासाठी जागणार. त्या दिवशी मी मोठी झाले. म्हणून नाही उठवलं."

मास्तर उठले आणि आत गेले. मला वाटलं डोळे पुसायला गेले असतील. ते मोबाइल घेऊन आले. चष्मा लावला, ॲप उघडलं आणि त्यात नवीन खातं काढलं, वहिनींच्या नावाचं. नकाशा मोठा करत करत त्या हिरव्या डोंगरापाशी आणला, वहिनींच्या शेजारी बसले आणि त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. "इथं खंडवा मागं राह्यलं. आता तू सांग." वहिनींनी बोट पुढे नेलं. "इथं ती बाई," त्या म्हणाल्या. मग बोट वळायला लागलं, गोल गोल, मधे एकदा अडखळलं, "इथं बोगदा," आणि फिरून आपल्याच रेघेवरून पार झालं. "इथं हात केला." मास्तरांनी नुसतं मनगटाखाली हात धरला होता, वळण दिलं नाही. रेघ अकोटला आणून त्यांनी वहिनींचं बोट उचललं. बघते तर रेघ काय ती, पहिलीतल्या पोराने काढलेली अंड्याची आकृती. डोंगर एकीकडे, घाट भलतीकडे. या माणसाने जन्मभर पोरांच्या वाकड्या रेघा खोडायला लावल्या, एवढंसं काही सुटू दिलं नाही. मी वाट पाहत होते. त्यांनी ती रेघ कितीतरी वेळ पाहिली आणि जशीच्या तशी ठेवली.

नंतर त्यांनी स्वतःचा नकाशा उघडला आणि त्यातही तीच रेघ, तशीच वाकडी, ओढून घेतली. मी म्हटलं, "आता नियमाचं काय?" मास्तर म्हणाले, "नियमात दुरुस्ती केली. बाजूला आपलं माणूस जागं असलं अन त्यानं पाह्यलेलं आपल्याला सांगितलं, तर झोपलेल्याचंबी धरायचं."

तेव्हापासून दोघं पुन्हा गाडीत बसतात. मास्तर खिडकीत, वहिनी त्यांना खेटून. मास्तर बाहेर बघतात आणि मोठ्याने सांगत जातात, कारण गाडीच्या आवाजात हळू बोललेलं वहिनींना ऐकू येत नाही. "तूर फुलावर हाय. एक शेळी बांधली हाय, गळ्यात निळी दोरी. फाटकावर तांड्यावरच्या दोघी उभ्या हायत, एकीच्या कडेवर लेकरू. लेकराच्या एकाच पायात बूट." डब्यातली माणसं सुरुवातीला वैतागतात, मग ऐकायला लागतात. वहिनी डोळे मिटून ऐकतात, मधेच विचारतात, "दुसरा बूट?" मास्तर मान बाहेर काढून बघतात. "दिसून न्हाई राहिला." तेवढी रेघ वहिनींच्या नावावर चढते. शेळीला कुणी नारळाच्या झाडाला बांधलं नाही, याची खात्री मी देते.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या सोबत वसमतहून हिंगोलीला आले. एसटीचा हट्ट त्या दिवशी सोडला, कारण मला बरं वाटत नव्हतं. मालक गेल्यापासून माझी झोप गेली आहे. घरात एकटीच असते. कडी लावली तरी कान उघडे राहतात. लोकांना मी सांगत नाही. माझ्या तोंडाकडे बघून मला कसली भीती असेल असं कुणाला वाटायचंही नाही. गाडी सुटली, मास्तरांचं सुरू झालं, हळदीची शेतं, विहिरीवरचा पंप, आणि ते ऐकता ऐकता मी कधी झोपले मला कळलं नाही. किती महिन्यांनी अशी झोपले, तेही मला सांगता येणार नाही. कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा हिंगोली आली होती. वहिनींचा हात होता. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्या अंग आखडून बसून राहिल्या होत्या.

मी ओशाळून पदर सारखा केला. मास्तर पिशवी उचलत म्हणाले, "इहीणबाई, तुमची चोंढी पाह्यली म्या. नांदापूर पाह्यलं, बोल्डाबी पाह्यला. तो पिंपळाखालचा म्हातारा आज न्हवता, पर बिडीचा धूर होता, म्हणजे असल कुठंतरी. धरा तुमच्या खात्यात."

मला कुणी एक बोललं तर मी दोन ऐकवते, हे सगळ्या हिंगोलीला माहीत आहे. त्या दिवशी मी एकच बोलले, "धरते." माझ्याकडे ते ॲप नाही, खातंही नाही. मी वहिनींचा हात धरला आणि आम्ही तिघं सावकाश प्लॅटफॉर्मवर उतरलो.